रिळाचे आटे

अण्णारावानं गळाचं रीळ काउंटरवर आपटलं आणि म्हणाला, "चाचा, तुम्हीच सांगा. ह्या बैलानं आवळून आवळून आटे घालवले का न्हाई?"

बैल म्हणजे मलप्पा, त्याचा सालगडी. देवणीहून उदगीरपर्यंत जीप चालवत तोच आला होता. आता दुकानाच्या पायरीखाली उन्हात उभा होता. डाव्या गालावर मालकाची बोटं उठलेली.

झालं होतं असं. सकाळी तळ्यावर अण्णारावाच्या गळाला मोठा मासा लागला. सोयरे भोवती उभे. ओढता ओढता रिळाचं झाकण एका बाजूनं उचकटलं, दोरा आत अडकून तुटला, मासा गेला. सोयरे हसले. सोयऱ्याला मारता येत नाही. मग गडी असतोच.

"इल्ला मालक, न्हाई," मलप्पा म्हणाला. "म्या रिळाला पाना लावला न्हाई."

"तू गप. चाचा म्हणतील ते खरं. आवळूनच गेलं म्हणले, तर आजपासून माझ्या रानात पाय ठेवायचा न्हाई."

पाडव्याला साल संपायच्या आधी हाकललेल्या गड्याला दुसरा कुणी ठेवत नाही. काय चोरलं, हेच विचारतात. हे अण्णारावाला माहीत होतं, म्हणूनच तो चारचौघांत बोलत होता.

निजामोद्दीनचं दुकान शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं. पण त्याला स्वतःला गळाचा शौक, त्यामुळं तालुक्यातली रिळंही त्याच्याकडंच यायची. हे रीळसुद्धा पावसाळ्यात तेलपाण्याला येऊन गेलेलं. त्यानं चष्मा वर सरकवला, रीळ डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ बघितलं.

"जास्त आवळलं की आटे जातातच," तो म्हणाला.

"ऐकलं का रे?" अण्णाराव पायरीकडं वळला.

निजामोद्दीनच्या शेजारी त्याची पोरगी नाजिया बसली होती. बाप दुकानाचा मालक, पण बारीक काम आता तीच करायची. तिनं रीळ घेतलं, झाकण सोडवलं. ढिला पेच बोटानंच बाहेर आला आणि काउंटरवर पडला. पेचाच्या डोक्यावर एकच चीर होती. रिळाच्या बाकी पेचांना फुलीसारख्या चार चिरा. हा पेच शिलाई मशीनचा होता. त्याचे आटे बारीक, रिळाच्या भोकाचे वेगळे. असला पेच जोरानं आत घातला की पहिल्या दिवशी बसल्यासारखा वाटतो, आतून मात्र भोक खाऊन टाकतो.

तिनं बापाकडं बघितलं. निजामोद्दीननं पेचावर तळवा ठेवला. सहज ठेवावा तसा. डोळे मात्र तिच्यावर.

"भर ते भोक, बेटा," तो हळू म्हणाला. "अण्णाला उशीर होऊन राहिला."

तिनं भोक पेट्रोलनं धुतलं. दोन नळ्यांचा गोंद कालवला, त्यात लोखंडाचा कीस मिसळला आणि सुईनं भोकात भरला. मापाचा चार चिरांचा पेच डब्यातून शोधला. त्याला ग्रीस लावलं, म्हणजे गोंद पेचाला धरणार नाही, नुसते आटे उठतील. पेच सरळ आत बसवला आणि दोन बोटांत धरून ठेवला. गोंद धरेपर्यंत हात हलला, की भोक कायमचं वाकडं.

"धरून बसायला लागतं व्हय?" अण्णाराव हसला. "आमच्या गड्याला बसव. त्याला दुसरं येतंय काय? खायचं आन् धरून बसायचं."

मग त्याचा आवाज चढला.

"ह्याच्या बापाला आमच्या बापानं ठेवला. त्यो तरी ऐकायचा. आज सोयऱ्यांसमोर माझी इज्जत घालवली ह्यानं. तीबी एका पेचासाठी!"

मलप्पा जमिनीकडं बघत होता. नाजियाची बोटं दुखायला लागली. शेजारी बापाचा तळवा तसाच होता आणि आता त्याला कंप सुटला होता. हात कापतो, नजर गेली, हे घरात कुणी बोलायचं नाही. बोलत नव्हते म्हणूनच तर हा पेच त्या भोकात गेला. लाज एका घराची, गाल दुसऱ्याचा.

गोंदानं धरलं. तिनं हात काढला.

"झालं?"

"रीळ झालं," नाजिया म्हणाली. "अब्बा, हात काढा."

"नाजिया."

"काढा."

त्यानं काढला नाही. तिनं बापाचं मनगट धरून बाजूला केलं आणि पेच अण्णारावासमोर ठेवला.

"अण्णा, हा शिलाई मशीनचा पेच हाय. तुमच्या गोठ्यात हा यायचा कुठून? पावसाळ्यात रीळ इथंच उघडलं होतं. आमच्या हातानं हा आत गेला. आटे आम्ही घालवले, मलप्पाकाकांनी न्हाई."

अण्णारावानं पेच उचलून बघितला. मग निजामोद्दीनकडं.

"खरं काय, चाचा?"

निजामोद्दीनचा जबडा हलला. "दिसत न्हाई आता," तो म्हणाला. "हव. मीच लावला."

"हात्तिच्या! आधी बोलायचं की." अण्णाराव एकदम मोकळं हसला. "होतं म्हातारपणी. त्यात काय एवढं? चल रे मलप्पा, गाडी काढ."

"अण्णा," नाजिया म्हणाली, "त्यांना मारलंत तुम्ही."

"मग? आता काय सालगड्याच्या पाया पडू? बसली एक चुकून."

मलप्पा पायऱ्या चढून वर आला. खिशातून जीपची किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली.

"म्या एसटीनं येतो, मालक."

"येडा झाला का? कामाचं काय?"

"कामाला येतो की. काम सोडलं न्हाई म्या. आज तुमची गाडी चालवत न्हाई."

शेजारच्या दुकानांतली माणसं बघत होती. अण्णारावानं रीळ उचललं, किल्ली उचलली. "उद्यापर्यंत फिरवू नका, गोंद कच्चा हाय," नाजियानं सांगितलं. तो न ऐकता गेला.

निजामोद्दीननं स्टूल पुढं केलं. "बस मलप्पा. चहा सांगतो."

मलप्पा बसला नाही.

"चाचा, तुम्ही पेच झाकला ते म्या बगितलं हुतं," तो म्हणाला. "म्या बोललो असतो तर कुणी ऐकलं असतं? ही पोरगी नसती तर तुम्ही बोलला असता का?"

निजामोद्दीन चष्मा पुसत राहिला.

मलप्पा पायऱ्या उतरला आणि स्टँडकडं चालायला लागला.