दाखल्यावरचं राज्य

"हे इथं नाही चालणार, काकाजी," कमलेशनं कागद काउंटरवरून परत सरकवला. "वरतं पाहा काय लिहिलं हाये. मध्यप्रदेश. तुमचे वडील तिकडचे असतीन, तर जातीचा दाखला तिकडूनच काढा लागते."

"आमी इथलेच हावो."

"मंग कागद खोटं बोलते का?" असं म्हणून कमलेशनं मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

सिहोऱ्याच्या बाजारात कमलेशचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान होतं आणि मंगळवारी तिथं उभं राहायला जागा नव्हती. त्यामुळं तो कागदाच्या पहिल्या ओळीच्या खाली उतरलाच नाही. लिलाधर दुसरी शिकलेला. बोट ठेवून एकेक अक्षर लावत त्यानं वरचा शब्द वाचला. खरंच मध्यप्रदेश होतं. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि सायकल गावाकडे काढली.

आता लिलाधर म्हणजे कशावर विश्वास ठेवेल तर शपथ. पंचावन्न वर्षांचा ढिवर माणूस, गावच्या तलावात आणि बावनथडी नदीत मासे धरून पोट भरणारा. मासे घेणाऱ्याचा वजनकाटा आधी हातानं दाबून पाहणार. मोबाइलवर पावसाचा अंदाज आला की तो सांगणाऱ्याचा काय फायदा हे आधी शोधणार. बायको म्हणाली मीठ संपलं, तरी हा डब्यात डोकावणार. "या माणसाले सकाळी उठलं का आपलेच पाय जागेवर हायेत का ते पाहा लागते," असं कुंताबाई बायांत बसून सांगायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

पण आजचा संशय निराळा होता. तो थेट मेलेल्या बापावर होता.

गावातले धानवाले शेतकरी लिलाधरच्या घराला पिढ्यान्पिढ्या 'पारवाले' म्हणत. नदीच्या पार मध्यप्रदेश. उन्हाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून माणूस या राज्यातून त्या राज्यात जाऊन चहा पिऊन येतो. लिलाधरचा बाप मुरारी दर पोळ्याला पार जायचा, चार दिवस राहायचा आणि अर्धी हिंदी तोंडात घेऊन परत यायचा. लहानपणी लिलाधरनं एकदा विचारलं होतं, आपल्याला पारवाले का म्हणतात म्हणून. बाप नुसता हसला आणि जाळं शिवत राहिला. ते हसणं आज रस्ताभर लिलाधरच्या डोळ्यांपुढं येत होतं आणि त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. बुढा तिकडून आला असेल आणि जन्मभर आपल्यापासून लपवलं असेल, तर?

तसं असतं तरी एरवी त्यानं सोडून दिलं असतं. पण रंजूला, त्याच्या एकुलत्या एका मुलीला, भंडाऱ्याला, जिल्ह्याच्या गावी, नर्सिंगला जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत जातीचा दाखला द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. दाखल्यासाठी एकसष्ट सालाच्या आधीचा पुरावा हवा आणि घरात तसा एकच कागद होता, मुरारीनं पंचावन्न साली शाळा सोडली त्याचा. शाळेतली जुनी रजिस्टरं वाळवीनं कधीच फस्त केली होती.

घरी कुणी नव्हतं. कुंताबाई धानाच्या रोवण्याला गेली होती, रंजू मैत्रिणीकडे फोटो आणायला. लिलाधरनं पडवीत बसून कागद मांडीवर पसरला. जाळ्याचा दोरा कापायचं अर्धं ब्लेड घेतलं आणि 'मध्यप्रदेश' खरवडायला लागला. सत्तर वर्षांचा कागद तो, भिजलेल्या पोह्यासारखा मऊ झालेला. वरच्या शब्दाबरोबर खालच्या ओळीचाही पापुद्रा निघून आला. लिलाधर थबकला. मग त्यानं पाहिलं, बापाचं नाव होतं, जात होती, तारीख होती. कामाचं सगळं शाबूत होतं. काळजी मिटली, असं त्याला त्या वेळी खरोखर वाटलं.

"झालं का, बाबा?" संध्याकाळी रंजूनं विचारलं.

"गर्दी होती. परवा आपुनच तहसिलात जाऊ."

खरी गोष्ट त्यानं तिला सांगितली नाही. बारावी शिकलेली पोरगी, आपला आजा पारचा निघाला हे ऐकून तिला कमीपणा वाटेल, अशी त्याला धास्ती होती.

बुधवारी तो सुखरामकडे गेला. सुखराम म्हणजे गावातला जुना धानवाला शेतकरी, ऐंशीला टेकलेला. तहसिलात कुणी विचारलंच तर 'हे घर इथलंच' असं सांगायला एक म्हातारा माणूस सोबत असलेला बरा, एवढाच हिशेब. सुखरामनं त्याला दारात पाहताच कपाळाला आठ्या घातल्या. धानवाल्यांना तलावाचं पाणी शेतात हवं, ढिवरांना ते माशांसाठी तलावात हवं. दर साली तेच भांडण.

"पाण्याचं बोलाले आला असशीन तर वापस जाय," सुखराम म्हणाला.

"पाण्याचं नाही जी. माहा बाप कुठून आलता, ते सांगा."

"कुठून येईन? माह्यासंग शाळेत होता ना."

"मंग पारवाले काहून म्हणता आमाले?"

सुखराम जरा ओशाळला. "तुह्या आजीचं माहेर पार होतं. पोट्टेपणी मुरारीले चिडवाले मीच ते नाव काढलो. मंग ते चिकटलं गा. तो रागवे बी नाही, नुसता हासे."

"त्याच्या शाळेच्या दाखल्यावर मध्यप्रदेश लिहिलं हाये जी."

"मंग? माह्याबी दाखल्यावर हाये." सुखराम आत गेला आणि ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला आपला दाखला घेऊन आला. तोच कागद, तोच छापा. वर ठळक अक्षरांत मध्यप्रदेश. "तवा आपला जिल्हा मध्यप्रदेशातच होता ना. राजधानी नागपूर. छप्पन सालापावतर तसंच चाललं. मंग मी मोठ्या शाळेत गेलो, तवा एक दिवस गुरुजी म्हणाले, पोट्टेहो, आजपासून आपण मुंबई राज्यात. आमी इचारलो, मुंबई कुठं हाये? त्यायलेबी नकाशात शोधा लागलं. ते मुंबई राज्य चार सालं बी नाही टिकलं. साठ साली झाला महाराष्ट्र. आपुन बसलो जागच्या जागी, अन् राज्य तीन झाले."

लिलाधरनं कागद जवळ ओढला आणि वरच्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"अन् त्याच्या खालतं काय लिहिलं हाये जी? दुसऱ्या ओळीत?"

"आपल्या गावचं नाव, अन् जिल्हा भंडारा," सुखरामनं वाचलं. "काहून?"

गुरुवारी लिलाधर, रंजू आणि सुखराम तहसिलात गेले. खिडकीत टेकचंद नावाचे पिकलेल्या मिशांचे बाबू होते. त्यांनी मुरारीचा दाखला हातात घेतला, उजेडासमोर धरला आणि चष्मा कपाळावर चढवला. कागदाच्या खरवडलेल्या वरच्या भागातून पलीकडची खिडकी दिसत होती. रंजूनं ते पहिल्यांदाच पाहिलं आणि ती वळून बापाकडे बघू लागली.

"अर्ज कोणाच्या नावानं हाये?" टेकचंदबाबूंनी विचारलं.

"माह्या," रंजू म्हणाली.

"खाडाखोड केलेला कागद जोडला तर अर्जदारावर गुन्हा दाखल होते, माहीत हाये का बाई?"

"तिनं नाही केलं जी," लिलाधर पुढं झाला. "मी केलो. ब्लेडनं. तिले काईच माहीत नाही."

सुखरामनं आपला दाखला पुढं केला, राज्यांची सगळी कहाणी सांगितली. टेकचंदबाबूंनी ती शांतपणे ऐकून घेतली. त्यांना ती पाठच होती.

"बाबाजी, यानं तुमचं गाव सिद्ध होते, याच्या बापाचं नाही. त्याचं गाव या कागदावर होतं, ते यानं खरडून टाकलं. अस्सल कागद होता रे लिलाधर. तूच खोटा केला त्याले." मग आवाज थोडा उतरवून ते म्हणाले, "कोतवाल पंजीत, गावच्या जुन्या जन्म-मरणाच्या वहीत, बापाची नोंद शोधाचा अर्ज टाक. दोन-तीन महिन्यात निघन. अन् तिच्यावर मध्यप्रदेशाचंबी जुनं नाव राहीन, मध्यप्रांत. तिले हात लावजो नको."

"उद्या आखरीची तारीख हाये जी," लिलाधर म्हणाला.

"ते मले समजते. पण हा अर्ज मी रद्दच करीन. पोरीवर काही यायचं नसन, तर तूनं काय केलं ते लिहून दे."

लिलाधरला नावापुढं लिहिता येत नव्हतं. बाकावर बसून तो सांगत गेला आणि रंजू लिहीत गेली. माझ्या वडिलांचा दाखला मी स्वतः खरवडला. माझ्या मुलीला याची माहिती नव्हती. तिचं अक्षर वळणदार होतं आणि ती कुठंही अडली नाही. सुखराम बाजूला मान खाली घालून बसला होता. आपण लहानपणी ठेवलेल्या नावानं हे काय करून ठेवलं, हे त्याला कळत होतं.

"ट्रंकेतून काढला तवाच मी वाचली होती तो दाखला," रंजू लिहिता लिहिता म्हणाली. "खालतं जिल्हा भंडारा लिहिलं होतं ना, बाबा. मले एकडाव इचारलं असतं."

साऱ्या जगाचा काटा हातानं दाबून पाहणारा माणूस, घरातल्या पोरीला एक ओळ वाचून दाखव म्हणायला कचरला होता.

"राहणार?" रंजूनं विचारलं.

त्यानं गावाचं नाव सांगितलं. तालुका सांगितला. मग जिल्हा भंडारा हे तो इतकं मोठ्यानं म्हणाला, की रांगेतली माणसं वळून पाहायला लागली.

"राज्य?"

"ते त्या बाबूले इचार, आज कोणतं चालू हाये."

रंजू हसली नाही. तिनं महाराष्ट्र लिहिलं आणि सही करायची जागा बोटानं दाखवली.