साइटवरचा लाल ठिपका

बाबा गेल्यावर त्यांचे कपडे आईनं महिन्याभरात वाटून टाकले. चष्मे, चपला, छत्र्या, सगळं गेलं. धनुष्याला मात्र तिनं कुणाला हात लावू दिला नाही. ते पुढच्या खोलीत खुंटीवर होतं, नेहमी असायचं तसं. कंपाउंड धनुष्य: दोन्ही टोकांना चाकं, त्यांवरून फिरवलेली दोरी, आणि मुठीच्या वर नेम धरायची साइट. साइटमध्ये तीन बारीक पिना, जवळच्या, मधल्या आणि लांबच्या अंतरासाठी. साइट आडव्या पट्टीवर डावी-उजवीकडे सरकते, आणि वर-खालीही. बाबांनी ती शेवटची जिथं घट्ट केली होती, तिथं पट्टीवर एक लाल ठिपका होता.

मला ते धनुष्य वापरायचं होतं. बाबांनीच शिकवलं होतं, आणि आमचे हातही सारखेच लांब, त्यामुळे माप बदलायची गरज नव्हती. अडचण दोरीची होती. ती मधोमध विसविशीत झाली होती, तंतू सुटायला लागले होते. अशी दोरी पूर्ण ताणलेली असताना तुटली तर धनुष्य जातंच, वर आपलं तोंडही फुटतं. आणि दोरी बदलली की सगळंच थोडं थोडं सरकतं. साइट नव्यानं लावावी लागते.

आईला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

"दोरी बदल," ती म्हणाली. "साइटला हात लावायचा नाही."

"अगं, पण नवी दोरी म्हटल्यावर..."

"ह्यांनी शेवटची लावलीय ती. ह्यांची नजर आहे त्यात. दोरी बदलायची तर बदल, नाहीतर राहू दे खुंटीला."

विषय संपला. आमच्या घरात बोलायचं काम बाबांचं होतं, शेवटचं वाक्य आईचं.

तिरंदाजीच्या मैदानावर धनुष्यं दुरुस्त करणाऱ्याला सगळे कर्नल म्हणतात. सैन्याशी त्याचा संबंध मिशीपुरता. त्यानं धनुष्य यंत्रात धरून दाबलं, सैल पडलेली दोरी उतरवली, नवी चढवली, आणि दोन्ही चाकं एकाच वेळी थांबतात ना, ते निरखून पाहिलं. मग चौकटीत ताणलेल्या कागदासमोर मला उभं केलं. अगदी जवळून कागदातून बाण मारायचा आणि फाटलेलं बघायचं. टोक गेलं तिथं भोक पडलं होतं, आणि भोकाच्या वर लांब चीर.

"शेपूट वर करून पळतोय," कर्नल म्हणाला. बाण ज्या आधारावर टेकतो तो त्यानं किंचित चढवला. चीर आखूड झाली. आणखी किंचित चढवला, आणि कागदात एक स्वच्छ भोक उरलं, भोवती पिसांच्या तीन बारीक खुणा.

"निघाला सरळ. आण, साइट लावून टाकू."

"साइट राहू द्या, काका."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी?"

"हो."

"मग राहू दे," कर्नल म्हणाला आणि पाना खिशात घातला.

रविवारी आई माझ्याबरोबर मैदानावर आली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. बरोबर तिची घडीची खुर्ची आणि दुर्बीण. पूर्वी ती बाबांच्या मागे बसायची, बाण कुठं लागला ते दुर्बिणीतून बघून सांगायची, आणि बाबा तिच्या शब्दावर साइट सरकवायचे. या वेळी ती पहाऱ्यावर आली होती, हे तिनं लपवलंही नाही.

मी जवळच्या पिनेनं तीन बाण मारले.

"वर आणि डावीकडे," आई सवयीनं म्हणाली. "चार बोटं. तिन्ही एकाच जागी आहेत पण."

मी बाण उपटून आणले. परत उभी राहिले आणि पिन मुद्दाम खाली, उजवीकडे धरून मारला. बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या कडेला बसला. दुसरा भलतीकडे गेला, तिसरा त्याहून भलतीकडे.

"हे काय चाललंय?"

"अंदाजानं मारतेय."

"नेम एकीकडे आणि बाण दुसरीकडे? असं शिकवलं होतं का तुला?"

"साइटला हात लावायचा नाही म्हणालीस ना?"

आईनं दुर्बीण मांडीवर ठेवली. शेजारच्या पट्ट्यात कुणीतरी बाण सोडला, धप्प आवाज आला.

"हे असते तर एवढं वाईट बघून उठून गेले असते," ती म्हणाली. मग दुर्बीण उचलून, "नेम धरून तीन मार परत. नीट."

मारले. पुन्हा वर आणि डावीकडे, एकमेकांना चिकटून.

"तीन झाले?"

"झाले."

"मग फिरव."

मी स्क्रू सैल केला. बाण उजवीकडे यायला हवा म्हणून मी साइट उजवीकडे सरकवली. पुढचा बाण लक्ष्याच्या अगदी डाव्या कडेला जेमतेम लागला.

मागून विचित्र आवाज आला. वळून पाहिलं तर आई हसत होती. तोंडावर पदर, खांदे हलताहेत.

"बापावर गेलीस. इतकी वर्षं मारत होते, दरवेळी पहिल्यांदा उलटंच फिरवायचे. अगं, बाणाच्या मागे जायचं. तो डावीकडे गेला तर साइट डावीकडे. वर गेला तर वर."

"मला माहितीये."

"त्यांनाही माहिती होतं."

मग ती सांगत गेली आणि मी फिरवत गेले. अजून डावीकडे. थोडी वर. जास्त झालं, मागे घे. तीन बाण होईपर्यंत हात लावू नकोस, कितीदा सांगायचं? तिचा आवाज मोठा होत गेला. कर्नल लांबून मिशीवरून हात फिरवत बघत होता, पण जवळ आला नाही.

शेवटी तिन्ही बाण पिवळ्यात बसले. आई उठून लक्ष्यापर्यंत चालत गेली, बघून आली.

"बरं आहे," ती म्हणाली. "स्क्रू घट्ट कर. आण इकडे."

धनुष्य मांडीवर घेऊन तिनं पर्स उघडली आणि लाल नेलपॉलिशची जुनी बाटली काढली. झाकण निघेना, मी उघडून दिलं. म्हणजे घरातून निघतानाच तिनं ती पर्समध्ये टाकली होती.

जुना ठिपका तिनं खरवडला नाही. त्याच्या डावीकडे, नखभर अंतरावर, नवा दिला, आणि फुंकर घालून वाळवला.

"चल," ती खुर्ची उचलत म्हणाली. "आता मधली पिन लावू."