जरा नेट लावा

मी नेट बोलतोय. फोनमधलं नव्हे. ते पाच मिनिटं गेलं की तुमचा जीव कासावीस होतो. मी व्हॉलीबॉलचं नेट. मी भोकं पडून लोंबलो तरी कोणाच्या घशाखाली घास अडकत नाही.

गेली अकरा वर्षं मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यामागे, दोन लोखंडी खांबांच्या मध्ये लटकतोय. एवढ्या काळात माणसांबद्दल माझं मत काही सुधारलेलं नाही. चेंडू पलीकडे गेला तर ती यांची करामत, आणि अडला तर म्हणे "नेटने अडवला." अरे, कोणाला अडवायला मी जागचा हललोय का कधी?

मला विणलं यंत्राने. वरची पांढरी पट्टी मात्र एका बाईने शिवली, तीही खांद्याशी फोन दाबून गप्पा मारत. म्हणून डाव्या टोकाला माझी शिवण अजून तिरकी आहे. कारखान्यात आल्यावर वर्षभर मी प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी कपाटात पडून होतो. मग साहेबांना कामगारांच्या करमणुकीची आठवण झाली. गाडीत माल भरणाऱ्या दोघांनी मला बाहेर काढलं आणि गठ्ठा बांधतात तशी गाठ मारून खांबांना अडकवलं. त्यांना जेवायला जायची घाई होती. पहिल्याच दिवशी मधोमध माझं पोट सुटलं, आणि ते कोणी आत घेतलं नाही.

संध्याकाळी कारखान्यातल्या कामगार बायका खेळायच्या, त्या तरी का घेतील? सैल नेट सगळ्यांनाच आवडतं. कसाही हात फिरवला तरी सर्व्हिस पलीकडे जायची, टाळ्या पडायच्या, प्रत्येकीला आपण मोठी खेळाडू असल्यासारखं वाटायचं. वर्षातून एकदा या बायकांचा संघ बाटल्यांच्या कारखान्याशी खेळायला त्यांच्या मैदानावर जायचा आणि हरून यायचा. अशी सात वर्षं गेली. परत आल्या की कारणं तयार असायची. वारा होता, ऊन डोळ्यावर होतं, चेंडू नवा होता. खरं कारण इथे दोन खांबांमध्ये लोंबत होतं, पण त्याला विचारतो कोण.

संघाची कप्तान पॅकिंगमधली. तिची सासू त्याच कारखान्यात डिंकाच्या टेबलावर. तिला सगळे चिकटमावशी म्हणायचे. नाव डिंकामुळे पडलं होतं, पण स्वभावालाही शोभत होतं. नऊ वर्षं ती संघाच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती आणि नऊ वर्षं तिला खेळायचं होतं. यंदा सहाजणींतल्या एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि एक जागा रिकामी पडली. पन्नाशीला टेकलेल्या मावशीने सरळ सुनेकडे जाऊन ती मागितली.

सून अडचणीत आली. घरी ही पोरगी कपाट इकडचं तिकडे सरकवतानाही सासूला विचारायची.

"आई, तुम्ही चेंडू उचलता झकास," ती म्हणाली. "पण सर्व्हिस कोणालाच चुकत नाही. फिरत फिरत पाळी येतेच. मॅचच्या आदल्या दिवशी बघू. दहातल्या सहा पलीकडे गेल्या तर तुम्ही आत."

"आणि पाच गेल्या तर?"

"तर बाटल्या."

दुसऱ्या दिवसापासून मावशी पाळी सुरू व्हायच्या तासभर आधी येऊ लागली. तिची सर्व्हिस म्हणजे काय वर्णावी. चेंडू डोक्याच्या मागे उडवायची, डोळे मिटायची आणि माशी हाकलावी तसा हात फिरवायची. एक चेंडू माझ्या पोटात, दुसरा गटारात, तिसरा फिटरकाकांच्या डब्यावर. फिटरकाका म्हणजे यंत्रांची दुरुस्ती करणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. रोज सकाळी उलट्या खोक्यावर बसून न्याहारी करायचे. तरुणपणी आपण मोठ्या संघातून खेळलो असं सांगायचे. माझा त्यावर फारसा विश्वास नाही.

डबा आडवा झाल्यावर काका बोलले, "अहो बाई, नुसता हात फिरवून काय होतंय? जरा नेट लावा."

मावशीने काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेंडू खाली ठेवून ती खांबापाशी गेली, अकरा वर्षांची गाठ दातांनी सोडवली आणि खोक्यांचे गठ्ठे आवळणाऱ्या हातांनी दोर असा खेचला की माझे सांधे कुरकुरले. जन्मात पहिल्यांदा मी सरळ उभा राहिलो.

"लावलं," ती म्हणाली.

काकांचा घास तोंडातच राहिला. "अहो, हे नेट नव्हे. तो नेट. अंगातला, जोर." एवढं बोलून ते थांबले, उठले, आणि खिशातल्या टेपने मला मधोमध मोजलं. दोन मीटर चोवीस. बायकांच्या नेटचं हेच माप. "आधी कुठवर होतं हो?"

मावशीने हात वर केला. "आधी माझी बोटं पट्टीला लागायची. आता वीतभर कमी पडतायत."

काका मटकन खोक्यावर बसले. "म्हणजे सात वर्षं..." पुढे त्यांना हसूच आवरेना. मला हसू आलं नाही. मी अकरा वर्षं हे अंगावर वागवत होतो.

त्या संध्याकाळी सराव सुरू झाला आणि एकीची म्हणून सर्व्हिस पलीकडे जाईना. कप्तान खवळली. "हे कोणी आवळलं?" काकांनी माप सांगितलं. तिने मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि दोर सोडला. "मॅच तोंडावर आलीय काका. आता पोरींचा आत्मविश्वास घालवू नका." आत्मविश्वास हा शब्द माणसं कशाकशाला वापरतात ते मी त्या दिवशी पाहिलं. माझं पोट परत सुटलं आणि टाळ्या परत सुरू झाल्या.

मग तीन आठवडे हाच खेळ चालला. सकाळी मावशीने ताणायचं, संध्याकाळी सुनेने सोडायचं. मी काय परकराची नाडी आहे?

सकाळी काका शिकवायचे. चेंडू डोक्यामागे नको, उजव्या खांद्यासमोर, हातभरच उडवा. डावा पाय पुढे. डोळे उघडे ठेवा. मावशीला सगळं जमायचं, पण शेवटी हात फिरायचाच आणि चेंडू माझ्यात यायचा. पहिल्या आठवड्यात एकही पलीकडे गेला नाही. मी तिला मनात नावं ठेवली, हे कबूल करतो.

शेवटी काका वैतागले. "बाई, डिंक लावल्यावर खोक्याचं झाकण कसं बसवता?"

मावशीने हवेत दाखवलं. मनगट ताठ, तळहाताच्या मुळाने एक थाप, आणि हात तिथेच थांबलेला. हात पुढे नेला तर झाकण सरकतं. वीस वर्षं दिवसाला हजार वेळा तिने ही थाप दिली होती.

"मग चेंडूला काय वेगळं करताय? द्या थाप, आणि थांबा."

तिने थाप दिली. चेंडू जराही न फिरता माझ्यावरून गेला, आणि पलीकडे गेल्यावर दारुड्यासारखा डुलत भलतीकडेच पडला. असला चेंडू घेणाऱ्याला कळत नाही की कुठे उभं राहावं. माझ्यावरून हजारो चेंडू गेलेत, पण त्या दिवशी मी मान वळवून बघितलं असतं, मान असती तर.

मॅचच्या आदल्या दिवशी परीक्षा झाली. बाकीच्या पाचजणींनी सैल नेटवरून आठ-आठ, नऊ-नऊ घातल्या. मावशी म्हणाली, "मी ताणून मारणार." सून म्हणाली, "तुमची मर्जी." मावशीच्या दहातल्या पाच गेल्या. सहावी बोटभर कमी पडून पट्टीखाली अडली.

"आई, सहा ठरल्या होत्या," सून खाली बघत, दोर परत सोडत म्हणाली. सहावी म्हणून तिने ऑफिसातली एक पोरगी घेतली. मावशी बाटल्या भरायला गेली. मला फार राग आला. तिचा नव्हे.

यंदा मॅच आमच्याकडे होती, कारण बाटल्यावाल्यांच्या मैदानावर गोदाम झालं होतं. बाहेरून पंच आले. त्यांनी मापाची काठी माझ्याशी टेकवली आणि विचारलं, "हे नेट आहे की झोपाळा? सरळ करा."

आमच्या खेळाडू एकमेकींकडे बघू लागल्या. दोघींनी दोर ओढून पाहिला, मी जेमतेम बोटभर वर गेलो. मग चिकटमावशीने बाटल्या खाली ठेवल्या, खांबापाशी आली आणि मला ताणलं. पंचांनी काठी लावली आणि मान डोलावली.

"आई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" सून दबक्या आवाजात म्हणाली.

"पंचांनी," मावशी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

पुढचं सांगायला मला लाज वाटावी, पण वाटत नाही. आमच्या एकेकीचा आत्मविश्वास माझ्या पोटात येऊन आदळला. पहिली सर्व्हिस कप्तानचीच. पहिला सेट धुळीला मिळाला. दुसऱ्यात एकोणीस-बावीस असताना सर्व्हिस आमच्याकडे आली, आणि पाळी त्या ऑफिसातल्या पोरीची. कप्तानने एकदा माझ्याकडे बघितलं, मग ती बाकाकडे गेली. सगळ्यांसमोर.

"आई, माझं चुकलं. तुम्ही या."

मावशीने पदर खोचला. थाप, आणि थांबला हात. पलीकडच्या दोघी एकमेकींवर आपटल्या. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. चोवीस-बावीस. सहावी पट्टीला लागली. मी मदत केली असं कोणी समजू नये. सैल पट्टीवर चेंडू घरंगळून अलीकडे पडतो, ताणलेल्या पट्टीवरून उडून पलीकडे जातो. तो उडाला. सात वर्षांतला पहिला सेट आमचा झाला.

तिसरा आम्ही हरलो. एकटी मावशी किती पुरणार? कोणीतरी लगेच सुरू केलं, "वारा होता ना." कप्तान म्हणाली, "वारा नव्हता." आणि पुढे कोणी कारण सांगितलं नाही.

आता माझ्या जाळीची दोन घरं तुटलीत आणि पट्टी उसवत चाललीय. नवं नेट येणार म्हणतात, येईल तेव्हा येईल. त्याला तरी आल्या दिवशी मोजून बांधा, एवढंच मागणं आहे. हे मागणं तुम्ही ऐकाल असं मला मुळीच वाटत नाही.

फक्त आज सकाळचं सांगतो. मावशी नेहमीसारखी आली, आणि मागोमाग सून. तिने न विचारता दुसऱ्या खांबाचा दोर हातात घेतला.

"आई, नेट लावू?"

"कुठला?" मावशीने विचारलं.

सुनेने दोर खेचला. "आधी हे लावते," ती म्हणाली. "मग तो."