नळी रिकामी नाही

मी एक समुद्री अळी बोलतेय. डोक्यावर पिसांचा गोल पंखा, बाकीचं अंग मीच चिखल चिकटवून केलेल्या मऊ नळीत. दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये राहते. आज जिवंत आहे ती घरच्या बाईंच्या एका व्रतामुळे.

ते व्रत त्यांनी सिंकपाशी घेतलं. माझ्या शेजारणीचा पंखा गळून पडला होता. ‘मेली,’ म्हणत मालकांनी तिची नळी दगडावरून उपटली. नळी छान दिसते, शोकेसमध्ये ठेवू, म्हणून धुवायला वरून उकळतं पाणी ओतलं. तेव्हा ती बाहेर आली. पिळवटत, पांढरी पडत सिंकच्या जाळीपर्यंत सरकली आणि तिथेच थिजली. बाई हात जोडून म्हणाल्या, “देवा, यापुढे दाबून बघितल्याशिवाय काहीही मेलं म्हणणार नाही.”

पुढे टँकमध्ये डंख मारणारी काचेसारखी समुद्रफुलं माजली. ती खायला मालकांनी लांब तोंडाचा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा आणला.

“बघ कसा गुणी आहे. सगळं साफ करतोय.”

“गुणी आहे खरा, पण ताटावरून उठतो का ते बघा,” बाई म्हणाल्या.

फुलं संपली, त्याची भूक संपली नाही. आधी त्याने माझी दोन पिसं खुडली. मी आत गेले. तो बाहेरच थांबला. भुकेने मी वर आले, तसा त्याने पंखा मुळापासून हिसडून काढला. माझं हिरवट रक्त पाण्यात पसरलं. त्या वासावर दगडामागे राहणारा खेकडा आला, नळीत नांगी घालून खरवडू लागला. मी तळाशी जाऊन पडले.

काही दिवसांनी मालक चिमटा घेऊन आले. “हीपण गेली. पाणी नासवेल.”

“अहो, थांबा जरा.”

“अगं, पंखा नाही, काही नाही. उरलंय काय तिच्यात?”

बाईंचा हात पाण्यात आला. सावली पडली. सावली पडली की आत पळायचं, एवढंच मला जन्मापासून ठाऊक. त्यांनी नळीचं तोंड दाबलं. ते पोकळ लागलं.

“पटलं?” मालक म्हणाले.

बोट खाली खाली सरकत आलं. मला आक्रसून घ्यावंसं वाटत होतं. पण मी फाटकं डोकं वर रेटलं, अंग फुगवून त्या बोटाला टेकले.

“आहे,” बाई म्हणाल्या. “तो मासा दुकानात परत देऊन या.”

“एवढा हौसेने आणलाय मी.”

“मग हिला टाका. पण आधी तुम्ही दाबून बघा.”

त्यांनी दाबलं. मी पुन्हा रेटलं. चिमटा ठेवून मालक मासा धरायची जाळी घेऊन आले.

आता मला नवा पंखा फुटलाय, पहिल्यापेक्षा लहान, एका बाजूने तोकडा. खेकडा अजून दगडामागे आहे. सावली पडली की मी अजूनही दचकते.

तुमच्याकडेही अशी एखादी नळी असेल, तोंडाशी काहीच दिसत नसेल, तर बाईंचं व्रत तुम्हीही घ्या. वरवर दाबून हात काढून घेऊ नका. बोट पार खालपर्यंत न्या. आम्ही तिथे असतो.