बाडीतली तणीस

"डोळे मिटा आणि तळपायांनी ऐका. माती काय सांगते ते ऐका," मेळावा घेणाऱ्या केतकीताई म्हणाल्या.

बोदलकसा तलावाच्या काठी सागाच्या सावलीत माणसं अनवाणी, गोल करून उभी होती. काही पुण्याहून आलेली, काही नागपूरहून, आणि आसपासच्या गावांतल्या थोड्या बाया. दुर्गेश्वरीनं डोळे मिटले. टाचेखाली एक खडा टोचत होता. माती काहीच सांगत नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या रेणूनं, तिच्या मैत्रिणीनं, हळूच तिचा हात धरला. दुर्गेश्वरीनं तो धरू दिला.

दुर्गेश्वरी गोंदियाला एम.एस्सी. करत होती. अशा मेळाव्यांना ती पहिल्यांदा गेली ती रेणूच्या आग्रहानं, आणि परतली ती वेड लागल्यासारखी. शाश्वत शेती, पर्माकल्चर, बियाण्यांची देवाणघेवाण; जिथं काही असेल तिथं दुर्गेश्वरी पिशवी घेऊन हजर. आमगावजवळच्या गावात घरामागं आईची बाडी होती, घरापुरता भाजीपाला पिकवायचा तुकडा. शिकलेलं सगळं ती तिथं करून बघायची. पालापाचोळा जाळायचा नाही, माती उघडी ठेवायची नाही, वर धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरायची. आई, सावित्रीबाई, आधी हसली. मग वाफे झाकल्यावर उन्हाळ्यातही ओल टिकलेली पाहिली, तेव्हा कुंपणापलीकडच्या रुख्माबाईला ऐटीत सांगू लागली, "मल्चिंग म्हणतत याले. माही पोरगी शिकून आली."

भादव्यात एका संध्याकाळी वेलावरून पडलेला दोडका उचलायला सावित्रीबाईनं तणशीत हात घातला. आत घोणस होती. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दुर्गेश्वरी रडली नाही. तेरवी झाली, परीक्षा झाली, दिवाळी आली तशी गेली. पोरगी खंबीर आहे, असं लोक म्हणाले. तिला मात्र वाटायचं, दाताच्या डॉक्टरनं दिलेली सुई जणू सगळ्या अंगाला लागली आहे आणि उतरतच नाही. मेळाव्यांना ती अजूनही जायची. कधी उठायचं, कधी बसायचं, कधी जेवायचं, ते तिथं दुसरंच कुणी सांगायचं. तेवढं बरं होतं.

दुपारच्या सत्रात केतकीताईंनी भिंतीवर फोटो दाखवायला सुरुवात केली. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बागा, वाफे, शेततळी. आणि मग अचानक समोर सावित्रीबाई आली. पदर खोचलेला, दोन्ही हातांत तणशीचा भारा, तोंडभर हसू. मागच्या उन्हाळ्यात केतकीताई गावाला आल्या होत्या, तेव्हाचा फोटो.

"ही आपल्या दुर्गेश्वरीच्या आईची बाग. दुर्गेश्वरी, तूच सांग ना."

रेणू अर्धवट उठली. "ताई, ते..."

"सांगते मी," दुर्गेश्वरी म्हणाली आणि उभी राहिली. "तणीस टाकली की पाणी कमी लागतं. तण कमी येतं. माती भुसभुशीत होते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून अल्काबाई नावाची सालेकशाकडची एक बाई म्हणाली, "पण बाई, असा कचरा करून ठेवला तं साप नाई येत का?"

"येतात."

"मंग?"

"घराच्या भिंतीला लागून टाकायची नाही. अंधार पडल्यावर जायचं नाही. आधी काठीनं उकलायची, हात घालायचा नाही."

"तुमच्या इथं निंगाला का कधी?"

"हो. चावला."

"कोनाले?"

दुर्गेश्वरीनं भिंतीकडं बोट केलं. "आईले."

वर पंखा तेवढा फिरत होता. अल्काबाईच्या तोंडाला पदर लागला. मग कुणीतरी घाईनं फोटो बंद केला आणि भिंत पांढरी झाली. दुर्गेश्वरी खाली बसली. सगळे आपल्याकडं बघताहेत हे तिला कळत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाकडं तरी बघताहेत असं वाटत होतं.

निघताना केतकीताई फाटकापर्यंत आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "मला खरंच माहीत नव्हतं गं. तू फोन तरी करायचास. मी तो फोटो लावायला नको होता."

"चांगला आला आहे तो. मला पाठवाल? हसताना तिचा एकही नाही आमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा अंगणात वाळूचा ढीग होता आणि मागून घमेल्यांचा आवाज येत होता. ती तशीच पिशवी खांद्यावर घेऊन मागं गेली. बाडी नव्हती. कुंपणापासून न्हाणीपर्यंत ओलं, करडं सिमेंट पसरलं होतं. केवळराम मिस्त्री फळीनं शेवटचा कोपरा सारखा करत होता. बिसराम, तिचे वडील, भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"तू असती तं टाकू दिली नसती," ते म्हणाले.

"दिली असती, बाबा."

"रोज सकाळी उठलो का दिसत होती. म्हनून."

"हं."

केवळराम अवजारं धुऊन निघून गेला. दुर्गेश्वरीनं चहा केला. दोघं मागच्या पायरीवर बसले. बिसराम बशीत चहा ओतून बराच वेळ फुंकत राहिले.

"काय सांगून राहिले होते तुह्यावाल्या सभेत?"

"तेच. माती जित्ती असते म्हणून."

बिसरामांनी एक घोट घेतला. तीन महिने तिच्या जिभेवर असलेलं वाक्य मग आपसूक बाहेर पडलं, बाजाराला काय आणायचं विचारावं तसं.

"बाबा, तुमाले माहा राग येते का?"

"कायले?"

"मी सांगतली होती आईले. तणीस टाकाले."

त्यांनी बशी खाली ठेवली. हाताची बोटं उलगडून पुन्हा मिटली.

"ते ढोराच्या गोठ्यामांगं ढीग होता जुना," ते म्हणाले. "बरसातीत बी तुही माय म्हने, अजून पायजे, अजून टाकू. मी म्हनलो, आनतो. त्याच दिवशी सकाळी मीच वाहून आनलो डोक्यावर. झटकलो नाई, पाहलो नाई. तसाच पालथा केलो." त्यांचा आवाज कुठं अडकला नाही. "त्या भाऱ्यातच असंन थो साप. मले मालूम आहे."

"तसं नक्की नाही सांगता येत, बाबा."

"नाई येत," ते म्हणाले. "तुह्याबद्दलबी नाई येत."

दुर्गेश्वरीनं त्यांच्याकडं पाहिलं. दाढी वाढली होती, बंडीवर सिमेंटचे ठिपके होते. तिनं दोन्ही कपबशा उचलून विसळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंट घट्ट झालं होतं. पाणी मारलं नाही तर तडे जातील, असं केवळराम सांगून गेला होता. बिसराम धानाच्या चुरण्याला, मळणीला गेले. दुर्गेश्वरीनं नळाला पाइप जोडला, ओढणी कमरेला बांधली आणि पाइपच्या तोंडावर बोट धरून फवारा करत कडेकडेनं पाणी मारू लागली.

कुंपणापलीकडं रुख्माबाई भांडी घासत होती. तिला आता दुरून नीट दिसत नसे. पाण्याचा आवाज ऐकून ती ओट्यावर चढली आणि कपाळावर हात धरून बघू लागली.

"काय लावून राहिली वो बाई?"

"काही नाही, काकी," दुर्गेश्वरी म्हणाली. "सिमेंटाले पानी मारून राहिली."

आणि पाइप ओढत ती पुढच्या कोपऱ्याकडं गेली.