ग्लेनिसबाईंचे उपकार

शुक्रवारी दुपारचं जेवण उरकलं की इद्रिस प्रॉसर टोपी घालून गल्लीत फेरी मारायला निघत. जन्मभर वेल्सच्या त्या खोऱ्यात बस चालवलेला माणूस. निवृत्तीनंतर पाय मोकळे करतोय, असं नवख्याला वाटलं असतं. पण त्यांच्या काखेत बिस्किटांचा रिकामा डबा असे, आणि तो कशासाठी हे पेंत्रेलास गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ग्लेनिसबाईंचे हप्ते गोळा करायची ती वेळ.

खाण बंद पडली तशी गावातली पतही गेली. निम्म्या घरांना बँक क्रेडिट कार्ड देत नसे. इद्रिसच्या बायकोकडे, ग्लेनिसबाईंकडे मात्र होतं. कुणाला धुलाईचं मशीन हवं, कुणाच्या पोरांना शाळेचे कोट हवेत, की बाई आपल्या कार्डावर घेऊन देत. घेणाऱ्याने दर शुक्रवारी थोडे थोडे फेडायचे आणि वर दोन पौंड "माझ्या धावपळीचे" द्यायचे. वस्तूची किंमत फिटली तरी ते दोन पौंड सुरूच राहत, आणि कधी थांबणार हे विचारणं म्हणजे कृतघ्नपणा. सावकार हा शब्द तिथे कुणी तोंडातून काढत नसे. सावकार दारावर लाथा घालतो. ग्लेनिसबाई तर गल्लीतल्या प्रत्येक बाळाला स्वेटर विणून देत.

समोरच्या घरात केरियन राहायची. वृद्धाश्रमात साफसफाई करणारी, नवऱ्याविना एक तान्ही मुलगी सांभाळणारी पोरगी. तिचा फ्रीज बाईंच्याच कार्डावर आलेला, आणि महिन्याच्या आत गार करायचा बंद झालेला. ती तक्रार करायला दुकानात गेली तर काचांना आतून कागद लावलेले. दुकानच बुडालं होतं.

हे कळल्यावर ग्लेनिसबाईंनी बँकेला फोन लावला. पलीकडचा मुलगा भला होता. दुकान बुडालं तरी हरकत नाही, म्हणाला; कार्डावर घेतलेली वस्तू खराब निघाली तर आमच्याकडून पैसे परत मागता येतात. फक्त फोटो पाठवा.

फोटो काढायला इद्रिसच गेले. केरियनने तेवढ्यात फडकं घेऊन फ्रीज आतून लख्ख पुसला.

"अगं, बंद फ्रीजला कशाला नटवतेस?" ते हसत म्हणाले.

"बँकेतली माणसं बघणार ना, अंकल. म्हणतील कसल्या घाणीत राहते." मग तिने खिडकीबाहेर गारठ्यात टांगलेली पिशवी आत घेतली, त्यातल्या दुधाचा त्यांना चहा करून दिला. "आंटींचे उपकार कसे फेडू, तेच कळत नाही मला."

पैसे परत आल्याचं ग्लेनिसबाईंनी पावाला लोणी लावता लावता सांगितलं.

"मग केरियनला सांगून येतो," इद्रिस उठले.

"काय सांगणार? कार्ड माझं, नाव माझं, फोनवर कान माझे तापले."

"पण फ्रीज तिचा ना?"

"तिच्याच घरात आहे की. मी उचलून आणला का?" बाईंनी सुरी खाली ठेवली. "माझ्याशिवाय ही पोरं जातील कुठे, सांग? दारं फोडणाऱ्यांकडेच ना? ते आमच्या दारावर यायचे तेव्हा आई आम्हाला पलंगाखाली कोंबायची. तू नाही बघितलंस ते."

ते खरं होतं. त्यामुळे इद्रिस पुन्हा खाली बसले आणि पाव खाल्ला. घरात भांडण नको, हे त्यांनी लग्नापासून धरलेलं धोरण होतं आणि त्याला ते आजवर चांगुलपणा समजत आले होते.

पुढच्या शुक्रवारी केरियनने दार उघडलं, नेहमीसारखं "थांबा हं" म्हणून पर्स आणली आणि पैसे पुढे केले. इद्रिसनी ठरवलं होतं की घ्यायचे नाहीत. पण हात सवयीने पुढे झाला. घरी येईपर्यंत त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते मागच्या दाराने आत शिरले.

मग एकाएकी उन्हं तापली. खिडकीतलं दूध नासलं आणि बाळाला उलट्या-जुलाबांनी धरलं. बाळाला इस्पितळात ठेवावं लागलं. नर्सने विचारलं, दूध कुठे ठेवतेस? केरियन म्हणाली, बाहेर विसरलं. फ्रीजचं नाव तिने काढलं नाही, कारण फ्रीजचं नाव काढलं तर ग्लेनिस आंटींचं नाव निघालं असतं.

रविवारी प्रार्थनेनंतर चॅपलच्या मागच्या खोलीत चहा होता. बाळ घरी आल्याची बातमी तिथे आधीच पोचली होती.

"हल्लीच्या पोरींना नखं रंगवायला वेळ आहे," म्हाताऱ्या ओल्वेनबाई म्हणाल्या, "दूध जागेवर ठेवायला नाही."

"जाऊ दे गं," ग्लेनिसबाई मायेने म्हणाल्या, "पोर आहे अजून. मी घेते तिला सांभाळून."

एवढं ऐकलं आणि इद्रिसनी हातातला केक खाली ठेवला. ते उभे राहिले. बोलायची सवय नव्हती, आवाज चिरकला.

"दूध ती विसरली नव्हती. तिचा फ्रीज बंद आहे. बँकेनं त्याचे पैसे केव्हाच परत दिलेत. ते आमच्याकडे आहेत. आणि तरी मी शुक्रवारी जाऊन तिच्याकडून हप्ता घेऊन आलो."

जो तो आपल्या कपात बघू लागला, कारण त्या खोलीत बाईंचं देणं नाही असं घर शोधून सापडलं नसतं.

"बस खाली, इद्रिस," ओल्वेनबाई हळूच म्हणाल्या. "घरातलं घरात ठेवावं."

ग्लेनिसबाईंनी कोट चढवला. त्यांचे गाल लाल झाले होते. "चारचौघांत लाज काढलीस माझी."

"माझीसुद्धा काढली," इद्रिस म्हणाले. "उशिरा काढली."

घरी येऊन त्यांनी आपल्याच फ्रीजमधलं लोणी, अंडी, मांस सगळं टेबलावर काढून ठेवलं. शेजाऱ्याची ढकलगाडी मागून आणली. ग्लेनिसबाई जिन्यावर पाठ करून बसून राहिल्या. थांबवायला उठल्या नाहीत. इद्रिस फ्रीज ढकलत रस्ता ओलांडू लागले तेव्हा घराघरांतले पडदे हलले, पण मदतीला एकही दार उघडलं नाही.

केरियनने बाळाला कडेवर घेऊन दार उघडलं. बाळाच्या अंगात ग्लेनिसबाईंनीच विणलेला पिवळा स्वेटर होता. इद्रिसनी काही न लपवता सगळं सांगितलं: परत आलेले पैसे, त्यानंतर घेतलेला हप्ता, सगळं. हा फ्रीज आता तुझा, म्हणाले, आणि आजपासून डबा घेऊन मी कुणाच्याच दारी येणार नाही.

ती ऐकत राहिली. आता ही पोर शिव्या देईल, असं त्यांना वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं.

केरियन आत गेली आणि पर्स घेऊन आली.

"ते ठीक आहे, अंकल," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पण आंटी रागावल्या नाहीत ना माझ्यावर? याचे आठवड्याला किती द्यायचे?"