कुसाबाईला घरी नेलेली डोली

तुम्ही लिहिलंत, "येथील लोकांना या दवाखान्याची गरज राहिलेली नाही." खोटं लिहिलंत. एका ओळीत लिहिलंत आणि खाली निळ्या शाईत सही ठोकलीत. ज्या माणसांबद्दल लिहिलंत त्यांच्यातल्या एकालाही तुम्ही विचारलं नव्हतं. मला माहीत आहे. तुम्ही आलात तेव्हा मी तिथंच होते, भिंतीला टेकून.

मित्रांनो, घाबरू नका, हे तुम्हाला नाही. ज्यांना आहे त्यांना ते बरोबर कळेल. तुम्ही नुसतं ऐका, पण ऐकून गप्प बसू नका. गप्प बसल्यानं काय होतं, तेच मी सांगणार आहे.

मी एक जुनी डोली आहे. नवरीची नव्हे, आजाऱ्याची. दोन लांब बांबू, मध्ये नवारीचं विणलेलं अंथरूण, वर उन्हासाठी कापडाचं छत. चार माणसं मला खांद्यावर घेतात. डोंगरात जिथं बैलगाडी जात नाही तिथं मी जाते. म्हणजे जात होते.

माझा जन्म १९३२ सालचा, नाशिकचा. मला घडवलं गिलमोरसाहेबांनी. ते स्कॉटलंडचे. उभा जन्म तिकडं जहाजांची सुतारकी केली. त्यांची बायको आग्नेसबाई बाळंतपणं करणारी नर्स. मुलं मोठी झाली, नातवंडं झाली. त्या वयात माणसं खुर्ची उन्हात ओढून बसतात. ही दोघं साठी उलटल्यावर बोटीत बसली आणि आपल्या मिशनच्या मंडळाकडून हरसूलच्या पलीकडं, एका पाड्यावर दोन खोल्यांचा दवाखाना मागून घेतला. साहेबांचं मराठी पुस्तकातलं. वाटेत बकरी भेटली तरी "आपण कसे आहात?" म्हणायचे. माणसं पोट धरून हसायची. साहेबही हसायचे.

माझी नवार विणली निसारभाईनं. जुन्या नाशकात त्याचं दुकान होतं. विणता विणता त्यानं विचारलं, "साहेब, ही जित्या माणसासाठी ना?"

"होय, आजारी माणसासाठी."

"मग जितंच माणूस घाला हिच्यात. आमच्या मशिदीत मयत न्यायचा जनाजा वेगळा ठेवतात. त्याच्यावर कुणी झोपायला जात नाही. एक काम, एक चीज."

साहेबांना वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतोय. त्यांनी मान डोलावली, त्याचा हात हातात घेतला आणि मला घेऊन निघाले. त्या दिवशी त्यांनी फक्त एक शब्द विचारला असता, "का?", तर मी आज तुम्हाला ही गोष्ट सांगत नसते.

सुरुवातीची तीन वर्षं माझी सुखाची. लहानू पुढच्या खांद्याला, काळू मागच्या. जोडीला चंदर आणि यादव. डोली वाहणं म्हणजे नुसतं ओझं उचलणं नव्हे. पुढच्याला वाट दिसते, मागच्याला फक्त पुढच्याची पाठ. म्हणून पुढचा ओरडतो आणि मागचा जबाब देतो.

"डावीकडं दगड हाय!"

"हाय तं हाय!"

"पानी हाय!"

"पाय धुतो मंग!"

काळू लय चावट. तापानं फणफणलेल्या म्हातारीला म्हणायचा, "आज्ये, येताना चालत यायचं बरं का. जाताना फुकाट, येताना पायी." म्हातारी आतून शिव्या घालायची. काळू खूश व्हायचा. "शिव्या देती म्हंजी जगती," म्हणायचा.

साप चावलेले, झाडावरून पडलेले, अडलेल्या बायका, सगळे माझ्यात झोपले. बाईंकडून बरे होणारे दवाखान्यात बरे झाले. ज्यांना कापाकापी लागायची त्यांना आम्ही थेट नाशकाला मोठ्या दवाखान्यात न्यायचो. त्र्यंबकावरून, घाट चढून. बहुतेक परत आले. लोक मला हात लावून नमस्कार करायचे. मला कौतुक आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग कुसाबाई आली. सावळीरामची बायको. पोटात गाठ होती. वाटेत तिनं काळूची एकही थट्टा उसनी ठेवली नाही. नाशकात पोचली, आणि तिसऱ्या दिवशी वारली.

सावळीराम दवाखान्याच्या पायरीवर बसला. "तिला हितं नका ठिवू," एवढंच म्हणाला. "तिला घरची माती पायजे." टांगेवाले मढं घेईनात. मोटारवाल्यानं तर ऐकूनच घेतलं नाही.

लहानू पुढं झाला. "साहेब, मी बांबू आनतो. तिरडी बांधू."

"नाही, लहानू," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "ती आपल्या डोलीतून आली. ती आपल्या डोलीतून घरी जाईल. तिचा अपमान नको."

लहानूनं तोंड उघडलं, साहेबांकडं पाहिलं आणि मिटलं. चौघांनी मला उचललं. घाटात यादव दमला तेव्हा पासष्ट वर्षांच्या साहेबांनी स्वतः खांदा दिला. त्या वाटेनं कुणी ओरडलं नाही, कुणी जबाब दिला नाही. पाड्यावर माणसं रडली. साहेबांच्या पाया पडली. परक्या देशाच्या माणसानं आपल्या बाईला खांद्यावर घरी आणलं, असं कुणी पाहिलं होतं?

मित्रांनो, आता नीट ऐका. ज्या बांबूंवर मढं जातं, ते बांबू परत घरी आणत नाहीत. मसणातच मोडून टाकतात. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मसणात सगळे माझ्याकडं पाहत होते. आता साहेब मोडतील, मग मोडतील. साहेबांनी मला उचललं, दवाखान्यात परत आणलं आणि फिनेलनं तीनदा धुऊन उन्हात वाळवलं. जंतू मेले असतील. पण लोकांच्या मनात जे बसलं होतं, त्यावर फिनेल चालत नाही.

त्या दिवसापासून माझ्यात कुणी झोपलं नाही.

कोणी सांगितलं का? नाही. ज्या माणसानं आपलं मढं खांद्यावर आणलं, त्याला तोंडावर कसं म्हणायचं, "साहेब, तुम्ही चुकलात"? जीभच उचलेना. मग कारणं सुरू झाली. "वावरात काम हाय." "आता बरं वाटतंय." "पोरगं गावाला गेलंय, आलं की बघू." जवळचे लोक लंगडत, पोराच्या पाठीवर बसून दवाखान्यात यायचे. लांबचे घरातच मरायचे.

बाई गुडघे धरून पाड्यापाड्यावर फिरल्या. दारोदार विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"नाय वो बाई! तुमचं कसं चुकंल?"

"मग डोली पाठवू?"

"नको नको. चहा घ्या ना बाई."

चहा घेऊन बाई परत यायच्या आणि माझ्याशेजारी ओट्यावर बसायच्या. लहानू रोज सकाळी कामावर यायचा, माझ्यापासून दोन हात लांब बसायचा आणि जमिनीवर काडीनं रेघा ओढायचा. त्याला सगळं ठाऊक होतं. मला सगळं ठाऊक होतं. त्याला तोंड होतं आणि तो बोलत नव्हता. मी बोलले असते, तर मला तोंड नव्हतं. मला राग कुणाचा जास्त येतो, हे अजून ठरत नाही.

आणि मग मंडळाकडून तपासणीला तुम्ही आलात. होय, तुम्हीच. मोटार रस्ता संपेपर्यंत आली, पुढं तुम्ही कपाळ पुसत चालत आलात. रिकामं बाकडं पाहिलंत. माझा बांबू टकटक वाजवून "काम छान आहे" म्हणालात आणि वहीत लिहिलंत, "डोली वापरात नाही." साहेबांना विचारलंत, "किती रोगी येतात?" का येत नाहीत, हे नाही विचारलंत. लहानू तुमच्या हाताच्या अंतरावर उभा होता. त्याला तर काहीच नाही विचारलंत. चहा संपला, तुम्ही गेलात, आणि पंधरा दिवसांत हुकूम आला. चैत्र संपता दवाखाना बंद. वय लक्षात घेऊन उभयतांनी स्वदेशी परतावे. आणि वर ती ओळ, गरज नसल्याची.

हुकूम आला त्याच आठवड्यात लहानूची मुलगी सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कळा लागल्या आणि तिसरा दिवस उजाडला तरी सुटका होईना. बाईंनी तपासलं. मूल आडवं होतं. "हिला नाशिकला न्यायला पाहिजे. आत्ता. या घटकेला." साहेब आणि काळू मला घेऊन पळत आले.

सगुणानं मला पाहिलं. अंगात त्राण नसताना ती भिंतीकडं सरकली. "तिच्यात नको! आबा, तिच्यात नको!"

लहानू दारात आडवा उभा राहिला.

"लहानू!" बाई ओरडल्या. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. "ती मरेल! का नको? सांग मला, का?"

लहानू म्हणाला, "बाई, हिच्यात मेलेली कुसा आनली. मसनातली डोली परत आनली. हिच्यात जित्या मान्साला कसं घालू? पोर हाय वो माझी!"

बाई म्हणाल्या, "एवढंच होतं?"

लहानू दारातून बाजूला झाला.

"दुसरी केली असती, लहानू. एका दिवसात केली असती. वर्ष झालं रे."

साहेब तोवर बाहेर बांबू तोडत होते. त्या म्हाताऱ्या हातांना इतकं भराभर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. ओला बांबू, अंगावरची घोंगडी, गाठी मारून झोळी. तरी दुपार झाली. ते निघाले तेव्हा मी दारात पडले होते. वाट मला पाठ होती. कुठं दगड आहे, कुठं पाणी आहे, मी पडल्या पडल्या मोजत होते.

घाटाच्या मध्यावर सगुणा गेली. बाळ पोटातच. झोळी लहानूनं तिथंच मोडली. ते मला काळूनं सांगितलं. मला म्हणजे भिंतीला, पण मी ऐकत होते. त्या दिवसापासून काळूनं कुणाची थट्टा केली नाही.

तेराव्याची वाट न बघता लहानू दवाखान्यात आला. पाड्यावरची सगळी माणसं त्याच्यामागं. "साहेब, लिवा," तो म्हणाला. साहेबांनी लिहिलं, लहानूनं सांगितलं, ते असं: "डोली मढ्याची होती म्हणून आम्ही बसलो नाही. बोललो नाही ही चूक आमची. दवाखाना पाहिजे. नवी डोली केली की बसू. बाईंना आणि साहेबांना ठेवा. नाहीतर दुसरं कुणी पाठवा, पण दवाखाना ठेवा." खाली सगळ्यांचे आंगठे. कागद पुरला नाही, तेव्हा मागच्या बाजूला आंगठे.

पत्र घेऊन साहेब स्वतः नाशकाला जाऊन आले. साहेब आणि लहानूनं मिळून नवी डोली बांधली. निसारभाईनं नवार पाठवली. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, एका दिवसात बांधून झाली. मी कोपऱ्यातून बघत होते. जळाले नाही, खरंच सांगते. चैत्र संपायला अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत त्या डोलीतून चार माणसं आली. चारही जगली. ऐकताय ना? गरज नव्हती म्हणे!

उत्तर आलं नाही. ठरल्या दिवशी तुमची माणसं आली आणि यादी लावून बाकडं, टेबल, औषधांचं कपाट घेऊन गेली. नवी डोलीही नेली. मंडळाची मालमत्ता म्हणाले. मला मात्र कुणी हात लावला नाही.

जाताना बाई लहानूसमोर उभ्या राहिल्या. "मी विचारायला चुकले," त्या म्हणाल्या. "मी 'माझं चुकलं का' असं विचारत होते. 'तुम्हाला भीती कशाची वाटते' असं विचारायला हवं होतं."

लहानूनं हात जोडले. साहेबांनी जाता जाता एका बकरीला विचारलं, "आपण कसे आहात?" कुणी हसलं नाही.

या गोष्टीला आज दोन वर्षं झाली. दवाखान्याचं छत बसलंय. माझ्या नवारीवर कोंबड्या झोपतात. डोली काय, लोक परत बांधतील. पण पोचवायचं कुठं? अडलेली बाई नाशकापर्यंतच्या घाटात तग धरत नाही, हे सगुणानं दाखवलं. त्यानंतर आणखी दोघींनी दाखवलं. त्यांची नावं मी सांगत नाही. तुम्ही यायचं आणि विचारायचं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, माझी काळजी घ्या, मला टाकून देऊ नका. मी तसं म्हणत नाही. मी मसणातली डोली आहे, मला तेव्हाच मोडायला हवं होतं. काळू कुऱ्हाड घेऊन आलाही होता. लहानूनंच अडवलं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "कागदाचं उत्तर आलं की मी मोडीन. तवर ही ऱ्हाईल. कुनी इचारलं, का ऱ्हायली, तर सांगू."

तुम्हाला मी एवढंच सांगते, मित्रांनो: भल्या माणसाची चूक त्याच्या तोंडावर सांगा. आणि कुणी नाही म्हणालं, तर का म्हणून विचारा.

आणि निळ्या शाईवाले, तुम्ही. पत्र पोचलं, हे मला ठाऊक आहे. साहेबांनी ते नाशकात तुमच्या हातात दिलं होतं. दोन्ही बाजूंनी आंगठे होते. वाचता येत नसतं, तरी मोजता आले असते.

उत्तर कुठं आहे?